मातीत उभे केलेले गड्डे

"मुळं असलेले नाहीत का?" लिफ्टमास्तरांनी विचारलं.

भाजीवाल्याने हातातला गड्डा उलटा करून दाखवला. बडीशेपेचा गड्डा होता तो. मुठीपेक्षा थोडा मोठा, पांढरा, वर हिरवे दांडे आणि झिपऱ्या पाल्याचा झुपका. बुडाशी मात्र सुरीने सपाट कापलेला. मुळांबरोबर माती येते, ओझं वाढतं, म्हणून शेतातच कापून टाकतात, असं भाजीवाल्याने समजावून सांगितलं. मग त्याला गंमत सुचली.

"का हो काका, लावायचेत की काय?"

शेजारी कोबी चाचपत उभ्या असलेल्या बाई हसल्या. मास्तरही हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. कान मात्र त्यांचे तापले होते. त्यांनी त्यातल्या त्यात लांब पाल्याचे सहा गड्डे निवडले, पिशवीच्या तळाशी घातले आणि वर पालकाच्या दोन जुड्या पसरल्या. सकाळची वेळ होती, ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच, म्हणून घरी जायला त्यांनी मागची गल्ली धरली. स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरायची त्यांची ही पहिलीच वेळ. आत बायको अजून झोपलेली होती हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आपल्याला त्याचा आनंद झाला म्हणून लगेच लाजही वाटली.

लिफ्टमास्तर हे नाव त्यांना उगाच पडलेलं नव्हतं. उभी हयात त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली होती. लोक सांगायचे, आवाज येतोय, मध्येच थांबते, धक्का देते. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि कशावरही विश्वास ठेवायचे नाहीत. झाकण उघडून आत डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. बरी चालणारी लिफ्टसुद्धा ते अधूनमधून उघडून बघत. त्या धंद्यात ही खोड चांगली, तिच्यामुळे त्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टने कधी दगा दिला नाही. पण निवृत्त झाल्यावर खोड घरी आली. मिक्सर उघडून झाला, भिंतीवरचं घड्याळ उघडून झालं, न्हाणीघरातला गळतही नसलेला नळ उघडून झाला आणि त्यानंतर तो गळायला लागला. "तुम्ही घरात असलात की वस्तूंच्या पोटात गोळा येतो," असं बायको म्हणायची.

बाग तिची होती. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरलं की भिंतीच्या कडेने एक लांबट वाफा, एवढीच बाग. दिवसभर शाळांचे गणवेश शिवायचे आणि संध्याकाळी पाठ सरळ करायला म्हणून वाफ्यात जाऊन पुन्हा वाकायचं, असं तिचं चाले. टोमॅटो, वाल, मुळा, काहीही तिच्या हाताला यायचं. अडली होती ती फक्त गड्ड्याच्या बडीशेपेपाशी. पहिल्या वर्षी तिने स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच बडीशेप पेरली. झाडं डोक्याएवढी वाढली, गड्ड्याचा पत्ता नाही. गड्ड्याची जात वेगळी आणि तिचं बीही वेगळं, हे तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी खास बी आणून ट्रेमध्ये रोपं केली, ती उचलून वाफ्यात लावली आणि सगळी वर पळाली. वर पळणं हा तिचा शब्द. गड्डा धरायचा सोडून रोप मधूनच एक दांडा वर काढतं आणि फुलावर जातं. एकदा तो दांडा निघाला की संपलं, मग गड्डा होत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती भावाकडे गेली, पाण्यात खंड पडला आणि पुन्हा तेच झालं.

ह्या वर्षी तिने कुठेच चूक केली नव्हती. मोठे दिवस सरल्यावर बी पेरलं, तेही जागेवरच, म्हणजे उचलून लावायची भानगड नको. नखभर खोल. उगवल्यावर वीतभर अंतर ठेवून बाकीची काढून टाकली आणि मधल्या मातीवर वाळलं गवत अंथरलं. त्यानंतर एका सकाळी तोंड धुताना तिच्या हातातून तांब्या सुटला, आणि तो उचलायला उजवा हात पुढे येईना.

झटका सौम्य होता असं सगळे म्हणाले. ज्याला येतो त्याला तो सौम्य नसतो. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत होता आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. पायऱ्या बंद, म्हणजे बागही बंद. लेक लांबच्या शहरातून येऊन राहिली. तिने वडिलांचा कारभार बघितला. दूध उतू गेलेलं बघितलं, इस्त्रीने पिवळी पडलेली उशीची खोळ बघितली, आणि ती म्हणाली की आईला मी माझ्याकडे नेते. तिने तिकडे एक खोली रिकामीही करून ठेवली होती. आई म्हणाली, हे माझं घर आहे, मी इथेच बरी होईन.

"कोण बघणार तुझं? बाबा?" लेक म्हणाली. "आई, ह्यांनी आयुष्यात एक रोप जगवलेलं नाही."

मास्तर तिथेच उभे होते. लेक कुजकटपणाने बोलली असती तर त्यांना चिडता तरी आलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली होती, आणि ते खरं होतं.

"माझी बडीशेप आहे ना वाफ्यात," बायको म्हणाली. "ती जगवतील. बघच तू."

नवऱ्याची बाजू राखायला म्हणून ती बोलून गेली, पण लेकीने शब्द धरला. बरं, म्हणाली, गड्डे काढायला झाले की मी येते. तेव्हा घर बघेन, तुला बघेन आणि मग ठरवू. सुटकेस भरताना ती हसत होती, तरी हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे हे तिघांनाही कळत होतं. तिची गाडी गेल्यावर बायकोने मास्तरांना पलंगाशी बसवून सगळं सांगितलं. पाणी रोज द्यायचं, पण थोडं थोडं. माती कोरडी पडू द्यायची नाही. खालचा भाग फुगायला लागला की भोवती माती चढवायची, म्हणजे गड्डा पांढरा आणि गोड होतो.

"आणि हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मुळाला कळता कामा नये की आपण तिथे आहोत."

पुढचे आठवडे मास्तर जे वागले ते बघून लेकीने तोंडात बोट घातलं असतं. ते स्वयंपाक शिकले, बायकोचे केस धुऊन विंचरायला शिकले, औषधांच्या वेळा पाळायला शिकले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई सांगत तसं ते तिचं एकेक बोट मिटवत आणि उघडत, कंटाळा न करता. रोज सकाळी वाफ्याला झारीने पाणी घालत. आत आले की ती विचारायची, कशी आहेत? मग ते पाल्याची उंची हाताने दाखवायचे, आणि ती डोळे मिटून ऐकायची.

एके दिवशी तिने विचारलं, "खाली फुगल्यासारखी वाटतात का?"

मास्तरांना सांगता येईना. बुंध्याशी माती होती, गवत होतं, आत काय चाललंय ते दिसणार कसं? दुसऱ्या दिवशी त्यांनी एका रोपाच्या बुडाची माती बोटाने जराशी बाजूला केली. फुगलं होतं! तिला येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की त्यानंतर ते रोज उकरून बघू लागले. आज ह्याचं, उद्या त्याचं. एक रोप कमी फुगलेलं वाटलं म्हणून त्यांनी खुरप्याने खालून उचकटून त्याचं मूळ कसं आहे तेही पाहिलं. मूळ ठणठणीत होतं. मास्तरांनी समाधानाने ते परत बसवलं आणि माती घट्ट दाबली. हात लावायचा नाही हे त्यांच्या लक्षात होतं, पण ह्याला ते हात लावणं म्हणतच नव्हते. त्यांच्या लेखी ही तपासणी होती.

मग ऊन तापलं आणि दोन-तीन दिवसांत रोपांच्या मधून एकेक जाड दांडा वर आला. पहिला त्या उचकटलेल्या रोपाचा आणि मागोमाग बाकीच्यांचे. मास्तर झारी हातात धरून उभे राहिले. हे काय आहे ते त्यांना कुणी सांगायला नको होतं, मागची सगळी वर्षं बायको ह्याच दारातून हळहळत आत आली होती. का झालं तेही त्यांना तिथल्या तिथे कळलं. आत जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. ते आत गेले. बायको पलंगावर बसून उजव्या हाताकडे बघत होती. ती म्हणाली, "हे बघा," आणि तिने मूठ मिटली. अर्धवटच, थरथरत, पण स्वतःची स्वतः मिटली.

"कशी आहेत?" तिने मग विचारलं.

"मस्त," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी सांगवलं नाही हे समजण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी नुसतं वर पळाली एवढं सांगून भागणार नव्हतं, काल मी खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं. बायको पलंगावरून सूचना द्यायची, आता माती चढवा, आणि मास्तर बागेत जाऊन थोडा वेळ नुसते उभे राहून परत यायचे आणि सांगायचे, चढवली. दांडे खुडून बघितले, त्यांना फाटे फुटले. शेवटी त्यांनी रोपं उपटून पालापाचोळ्याच्या खड्ड्यात खोल दाबून टाकली. आत आल्यावर बायकोने त्यांचा हात ओढून घेऊन नाकाशी धरला. काय सुंदर वास येतोय, म्हणाली. हात सोडवून घेऊन मास्तर साबणाने धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. आपली आपल्याला एवढी किळस त्यांना पूर्वी कधी आली नव्हती.

फोनवर लेकीला मात्र त्यांनीच सांगितलं की गड्डे मुठीएवढे झालेत, ये बघायला. असं का बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बायको शेजारी बसून कौतुकाने ऐकत होती, आणि तोंडातून निघून गेलं. लेक म्हणाली, शनिवारी येते.

म्हणून शनिवारच्या सकाळी ते बाजारात गेले होते. बायको उठायच्या आत त्यांनी ते सहा गड्डे वाफ्यात खोचून उभे केले, भोवती माती चढवली, गवत पसरलं आणि झारीने पाणी शिंपडलं. पाला ताजा दिसत होता. सगळे गड्डे लिफ्टच्या रुळासारखे ओळंब्यात उभे राहिले. लेक आली की तिला दारातून वाफा दाखवायचा, आपणच खाली उतरून गड्डे कापायचे आणि परातीत घालून आत आणायचे, असा त्यांचा बेत होता.

लेक आली. तिने घर बघितलं. ओटा स्वच्छ होता, आईचे केस विंचरलेले होते. मागच्या दारातून तिने वाफा बघितला आणि भुवया उंचावल्या. मास्तर सुरी घेऊन निघाले तशी बायको म्हणाली की तुम्ही नाही, मी कापणार. व्यायामाच्या बाईंनी कालच पायऱ्यांची परवानगी दिली होती, कुणीतरी धरलं तर. तुम्हाला चकित करायचं म्हणून बोलले नव्हते, असं तिने सांगितलं.

मास्तरांनी नाना कारणं काढली. ओलं आहे, पाय घसरेल, ऊन आहे. लेक म्हणाली, बाबा, इतकी वर्षं वाट बघितलीय तिने, कापू द्या ना. मग मास्तरांनीच तिला कमरेला धरून तीन पायऱ्या उतरवलं. एकेका पायरीवर ती थांबत होती, धापा टाकत होती आणि हसत होती. वाफ्याशी लाकडी स्टूल ठेवलं, त्यावर ती बसली. लेक वर दारात परात घेऊन उभी राहिली.

बायकोने डाव्या हाताने पहिल्या गड्ड्याभोवतीची माती हलकेच बाजूला केली. गड्डा अलगद कलला आणि तिच्या हातावर आडवा झाला.

तिने तो थोडा वळवला. बुडाचा सपाट काप तिने पाहिला. सुकून तांबूस पडलेला, निदान परवाचा तरी. मास्तर तिच्या मागे वाकून उभे होते, त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती आणि ती मान हलत नव्हती. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, हे त्यांना त्या वेळी कळलं.

"निघत नाहीये का गं?" वरून लेकीने विचारलं.

"निघतोय की," बायको म्हणाली.

आणि तिने गड्डा परत मातीत उभा केला. उजव्या हाताची बोटं कशीबशी त्याच्या पाल्यात अडकवून तो धरून ठेवला, डाव्या हातात सुरी घेतली आणि बुडाशी मातीत मागेपुढे चालवायला लागली. आधीच कापलेला गड्डा ती कापत होती. घाई न करता, मध्येच दम घेत, पक्कं मूळ असल्यासारखा जोर लावत. घाम तिच्या कानामागून मानेवर उतरला. मग तिने गड्डा उचलून, काप खाली ठेवून, वर धरला. लेकीने टाळ्या वाजवल्या. बायकोने उरलेले पाचही तसेच कापले. मास्तर तिला धरून उभे होते, आणि ती आपल्यासाठी करत असलेलं ते नाटक त्यांना शेवटपर्यंत बघावं लागलं. तिने मध्येच थांबून सगळं सांगून टाकावं असं त्यांना वाटत होतं. ती सांगत नव्हती.

"बाबा, मानलं तुम्हाला," लेक म्हणाली. तिने खाली येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आपण उगाच बोललो, आईला इथेच राहू दे, मी दर महिन्याला येत जाईन, असंही म्हणाली. मास्तरांना हवं होतं ते सगळं एका दमात त्यांच्या पदरात पडलं. त्यांना मान वर करवली नाही. लेकीला वाटलं, बाबांना भरून आलंय.

लेक स्वयंपाकघरात गड्डे चिरायला बसली. मास्तरांनी बायकोला पुढच्या खोलीत खुर्चीवर आणून बसवलं आणि तिच्या पायांची माती ओल्या फडक्याने पुसू लागले. तिने पुसू दिली.

"उकरून बघत होतात ना?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"कधी पळाली?"

"तू मूठ मिटलीस त्या दिवशी."

ती म्हणाली की बडीशेपेचं मला काही नाही, माझीही दरवर्षी पळतच होती. मास्तर काही तरी बोलणार होते, माफीसारखं, पण तिने डावा हात किंचित वर करून त्यांना थांबवलं.

"मला एक सांगा. परवा डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला वर बोलावलं होतं. खाली येऊन तुम्ही मला म्हणालात, हात येईल, वर्षभरात सुई ओवशील. ते डॉक्टर खरंच म्हणाले होते?"

"खरंच म्हणाले," मास्तर म्हणाले. "शपथेवर सांगतो."

ते खरं होतं. डॉक्टरांनी अगदी तसंच सांगितलं होतं. मास्तरांना इतका आनंद झाला होता की लिफ्टची वाट न बघता, जिन्याने चार मजले उतरून ते खाली बाकावर बसलेल्या तिच्याकडे धावत गेले होते. आता ते तिच्या पायाशी बसून सांगत होते, आणि परवा सांगताना होता तोच चेहरा त्यांच्याजवळ होता. 'मस्त' म्हणतानाही तोच होता. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्यातून काही ठरवता येईना. मग तिने स्वयंपाकघराकडे मान वळवून लेकीला हाक मारली.

"जरा डॉक्टरांना फोन लावून दे गं. मला बोलायचंय."

लेक हात पुसत आली. काय झालं, काही होतंय का, असं तिने घाबरून विचारलं. काही नाही, नुसतं विचारायचंय, असं आई म्हणाली. लेकीने फोन लावून तिच्या डाव्या हातात दिला आणि दारात थांबून आईकडून बाबांकडे, बाबांकडून आईकडे बघत राहिली. मास्तर फडकं हातात घेऊन जमिनीवरच बसले होते. फोनमधून डॉक्टरांचा आवाज पुसट ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. बायको फक्त हं, हं करत होती. शेवटी म्हणाली, "हो, ह्यांनी सांगितलं होतं. तुमच्याकडून ऐकावंसं वाटलं." तिने फोन लेकीकडे दिला. लेक आत गेल्यावर तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"येईल म्हणाले हात," तिने मास्तरांना सांगितलं. "वर्षभरात."

"हो का," मास्तर म्हणाले, आणि तिचा दुसरा पाय पुसायला घेतला.